आंटीच्या नावाने

"आकडा सांगायचा आणि तोंडाला कुलूप लावायचं," पद्मजा म्हणाली. "जो आधी बोलला तो मेला. चल, बोल. मी नेल्सन."

कांदिवली स्टेशनबाहेरच्या उडप्याकडे दोघी समोरासमोर बसल्या होत्या. पद्मजाने सांबाराची वाटी बाजूला सारली, हाताची घडी घातली, हनुवटी वर केली आणि तेवढ्यानेच ती नेल्सन झाली.

"नेल्सन, पुढच्या महिन्यापासून मी माझे पैसे दीडपट करतेय," क्लॅरिस म्हणाली, आणि लगेच, "म्हणजे तुला जमत असेल तर. नाहीतर बघू आपण. घाई नाही काही."

पद्मजाने कपाळावर हात मारला. "वाट लागली! अगं, श्वास तरी घेऊ दे ना समोरच्याला. तूच मागतेस आणि तूच परत घेतेस."

दोघींचा धंदा एकच. दुकानांची, दवाखान्यांची, क्लासवाल्यांची इन्स्टाग्राम आणि फेसबुकवरची पेजेस सांभाळायची. फोटो काढायचे, दोन ओळी लिहायच्या, लोक काहीबाही विचारतात त्यांना मालकाच्या वतीने उत्तरं द्यायची. क्लॅरिसने एजन्सीतली नोकरी सोडून हे काम सुरू केलं तेव्हा घाबरत घाबरत जो दर सांगितला होता, तोच अजून चालू होता. घरभाडं चढलं, रिक्षा चढली, दूध चढलं. क्लॅरिसच तेवढी जागची हलली नव्हती. शेवटी पद्मजाने मानगूट धरून तिच्याकडून सगळ्यांना मेसेज पाठवून घेतले. जोगेश्वरीच्या दाताच्या डॉक्टरने नुसता अंगठा दाखवला. फरसाणवाला हितेश दोन दिवस कुरकुरला आणि मग म्हणाला, "ठीक आहे, पण गणपतीच्या पोस्ट फ्री." मागितल्याशिवाय आईही जेवायला वाढत नाही म्हणतात, ते काही खोटं नाही.

राहिलं होतं एकच पेज. व्हॅलेन्सिया आंटीच्या बाटली मसाल्याचं. त्याचे पैसे आंटीचा मुलगा नेल्सन देत असे.

"सगळ्यात जास्त राबतेस त्यांच्यासाठीच," पद्मजा म्हणाली. "अर्धा दिवस त्यात जातो तुझा. आणि तिथेच शेपूट घालतेस. का गं?"

"जाते उद्या," क्लॅरिस म्हणाली. का, ते तिने पद्मजालाही सांगितलं नव्हतं.

व्हॅलेन्सिया आंटी म्हणजे मरोळ गावठाणातली, क्लॅरिसच्या आईची मैत्रीण. उन्हाळा आला की दोघी मिळून घरोघरी मसाला कुटायला जायच्या. मिरच्या वाळवायच्या, एकेक जिन्नस वेगळा भाजायचा, उखळात कुटायचा आणि बिअरच्या काळपट बाटल्यांमध्ये ठासून भरायचा. आईचं नाव रेजिना. ती गेली त्याच वर्षी आंटीने क्लॅरिसला बोलावून सांगितलं, "तू ते मोबाईलवर लोकांचं करतेस ना, तसं माझं पण कर." पेज सुरू झालं. पहिल्याच आठवड्यात टोरांटोहून कुणा बाईने विचारलं, "आंटी, मसाला तेलात टाकला आणि करपला, काय करू?" क्लॅरिसने सभ्य, इस्त्री केलेलं उत्तर लिहिलं आणि खोडलं. आंटी काय म्हणाली असती ते तिला सुचेना. मग तिची बोटं आपसूक चालली. 'मसाल्यावर कशाला रागावतेस गो बाय? विस्तव तुझा, घाई तुझी. आच कमी कर, आणि आधी कांदा घाल.'

ते लिहून झालं आणि क्लॅरिस पडद्याकडे बघत राहिली. ते बोलणं रेजिनाचं होतं. तिचा तो 'गो बाय', ती टोचणी, आणि टोचणीच्या मागोमाग येणारी ती माया.

त्या एका उत्तरावर लोक खूष झाले. पुढे मसाल्याइतकंच लोकांना आंटीचं बोलणं आवडू लागलं. कुणी जावयाची तक्रार लिहायचं, कुणी नुसतंच 'आंटी, आज बोला काहीतरी' म्हणायचं. खरी आंटी मोबाईलला हात लावत नसे. ती म्हणायची, "लोक काय ते विचारतात, पोरगी काय ते लिहिते. मसाला खपला म्हणजे झालं." क्लॅरिस दिवसभराची बाकीची कामं उरकायची आणि ताटातला गोड घास शेवटी ठेवावा तसं हे पेज शेवटी उघडायची. दिंडोशीच्या त्या एका खोलीच्या घरात दुसरं माणूस नव्हतं. भाऊ मेलबर्नला, नवरा केलाच नाही. पेज उघडलं की घरात कुणीतरी बोलायला लागायचं. तिला आई हवी होती, दुसरं काही नको होतं. आणि आईच्या आवाजाचे कुणी पैसे देत असेल, तर ते वाढवून मागायला जीभ रेटत नव्हती. वाढवून मागितले आणि नेल्सनने दुसरं कुणी बघितलं तर? त्याला मसाला विकायला माणूस मिळेल. तिला आई कुठून मिळणार?

पण न मागूनही चालणार नव्हतं. घरमालकाने नव्या करारात भाडं वाढवलं होतं, आणि अर्धा दिवस खाणारं काम जुन्या दरात ठेवायचं तर बाकीची कामं सुटत होती.

दुसऱ्या दिवशी दुपारी ती मरोळला गेली तेव्हा अंगणात चटयांवर मिरच्या पसरल्या होत्या. आंटी पाटावर बसून देठं खुडत होती.

"आयलीस गो? बस. नुसती बसू नको, हात चालव."

क्लॅरिस शेजारी बसली आणि देठं खुडायला लागली. मागच्या पडवीत मिरच्या भाजणं चालू होतं. त्यांचा तिखट धूर अंगणभर पसरला होता. आंटीचा मुलगा नेल्सन खोकत बाहेर आला. मस्कतची नोकरी संपवून तो वर्षापूर्वी परतला होता आणि आता मसाल्याचा हिशेब, कुरिअर, खोकी सगळं तोच बघायचा. माणूस वाईट नव्हता. नवीन लेबलं, नवीन झाकणं, वाढलेलं कुरिअर यात त्याचा जीव मेटाकुटीला आला होता इतकंच.

"नेल्सन," क्लॅरिस म्हणाली, "पुढच्या महिन्यापासून मी माझे पैसे दीडपट करतेय."

आणि ती गप्प बसली. खरोखर बसली. नेल्सनने मान हलवली, खाली बघितलं, पायाने एक मिरची सरकवली. क्लॅरिसने ओठ घट्ट मिटून घेतले. पद्मजाने पाहिलं असतं तर पाठ थोपटली असती. तेवढ्यात पडवीतून धुराचा नवा लोट आला आणि क्लॅरिसला अशी शिंक आली की पद्मजाची सगळी तालीम तिच्यात उडून गेली. मग आणखी एक. मग नेल्सनलाही. दोघांनी डोळे पुसले तेव्हा कोण आधी बोललं याचा हिशेबच राहिला नाही.

"राग नको मानू, क्लॅरिस," नेल्सन म्हणाला. "तू मागतेस ते बरोबर आहे यार. पण मला नाय परवडत. आणि खरं सांगू? तुला कालच फोन करणार होतो. एक गोष्ट दाखवतो."

त्याने मोबाईल काढला. "हे सॉफ्टवेअर आहे. पेजवर तू आजपर्यंत दिलेली सगळी उत्तरं मी त्याला वाचायला दिली. आता ते सेम मम्मीसारखं बोलतं. झकास! हे ऐक. एका बाईने विचारलं, 'आंटी, दोन वर्षांपूर्वीची बाटली सापडली, टाकून देऊ का?' तर ते काय लिहितं बघ." तो मोठ्याने वाचू लागला. "'जुना झाला म्हणून टाकतात का गो बाय? आधी झाकण उघड, वास घे. वास आहे तोवर जीव आहे. दोन दिवस ऊन दाखव, तुझ्यापेक्षा ताजा होईल.'"

क्लॅरिसच्या हातातली मिरची हातातच राहिली.

आंटीचेही हात थांबले. "पुन्हा वाच," ती म्हणाली.

नेल्सनने वाचलं.

"ही मी नाय," आंटी म्हणाली. "मला विचारलं असतं तर मी सांगितलं असतं, टाक ती बाटली आणि नवी घे. माझा धंदा आहे. ही रेजिना बोलते."

"रेजिना आंटी?"

"हिची आय. दुसरी कोण?" आंटीने क्लॅरिसकडे बघितलं. "चार वर्षं तू माझ्या नावानं तिला बोलायला लावतेस, आणि मला कुणी सांगत पण नाय."

आंटी रागावली नव्हती. तिने तिखटाचाच हात पदराला पुसला, डोळ्यांना लावायला गेली, आठवण झाली तशी खाली घेतला आणि मनगटाने डोळे टिपले.

"किती दिवसांनी ऐकलं गो तिला," ती म्हणाली. "मेली अशीच बोलायची."

नेल्सनचा चेहरा पडला. "मला खरंच माहीत नव्हतं, क्लॅरिस. आईशप्पथ. असं कर, हे मी आत्ताच्या आत्ता बंद करतो. तू आहे तसंच चालू ठेव. फक्त पैसे जुने. तेवढं समजून घे."

'चालेल' हा शब्द क्लॅरिसच्या जिभेवर तयार होता. तो म्हणायचा, की आज संध्याकाळी पुन्हा पेज उघडायचं, पुन्हा आईने बोलायचं. भाडं कुठून द्यायचं ते नंतर बघू. आजवर ती सगळीकडे असंच म्हणत आली होती. पण जुन्या दरात आणखी एक वर्ष काढणं आता तिला शक्य नव्हतं, हे तिला ठाऊक होतं. आणि घासाघीस करून आईला घरी न्यायचं हेही तिच्या मनाला पटेना.

"नाही रे," ती म्हणाली. "नाही जमणार मला."

तिने पुढे 'नाहीतर बघू' जोडलं नाही. नेल्सनने मान खाली घातली.

"पण ते बंद नको करू," क्लॅरिस म्हणाली. "चालू राहू दे."

"तुला चालेल? तुझी आई..."

"बोलू दे तिला. मी काय, तिला पेटीत घालून ठेवू?"

ती हे हसून म्हणाली आणि पुढची मिरची उचलली. आंटीने तिच्या पाठीवर हात ठेवला आणि बराच वेळ काढला नाही. मग तिघांनी मिळून उरलेल्या मिरच्या खुडल्या. निघताना आंटीने एक बाटली तिच्या पिशवीत कोंबली. क्लॅरिसने पाकीट काढलं तशी आंटी करवादली, "ठेव ते. आता माझ्याशी पण दराचं नको काढू." घरी पोचेपर्यंत नेल्सनने पेजवरून तिचं नाव काढून टाकलं होतं. त्याचा मेसेज आला, 'सॉरी. गॉड ब्लेस.' पद्मजाला तिने कळवलं, तर पद्मजाचं उत्तर आलं, 'एक गेला तर दोन येतील, शाबास!' आणि खाली फुगे, फटाके.

पुढच्या आठवड्यात खरंच दोन कामं आली. एक पाळणाघर आणि एक चष्म्याचं दुकान. दोघांनीही नवा दर निमूट मान्य केला. सवयीने रोजची कामं संपली की क्लॅरिसचा अंगठा आंटीच्या पेजकडे वळायचा, आणि बाहेरच्या माणसासारखं नुसतं वाचत बसायला लागायचं. पेजवर गर्दी होती तशीच होती. कुणाला काही कळलं नव्हतं. लोक विचारत होते, आंटी बोलत होती.

रविवारी चर्चमधल्या मिसाहून आल्यावर तिने खिडकी उघडली, फोन घेऊन पलंगावर बसली आणि पहिल्यांदाच स्वतःच्या नावाने त्या पेजवर लिहिलं.

'आंटी, एकट्या माणसाच्या कालवणाला मसाला किती घालायचा?'

लिहिल्यावर तिची तिलाच लाज वाटली. रेजिनाच्या पोरीने विचारावं असं काय होतं त्यात? ती ते पुसणार तेवढ्यात खाली उत्तर उमटलं.

'एकटी आहेस म्हणून चिमूटभर रांधशील तर चव कशी लागेल गो बाय? दोघींचं रांध. उरलं तर सकाळी खा, शिळं कालवण जास्त गोड लागतं.'

हे वाक्य आपण कधी लिहिलं होतं का, ते क्लॅरिसला काही केल्या आठवेना. तिने ते पुन्हा वाचलं. बाहेर कॉलनीतली पोरं क्रिकेटवरून भांडत होती. तिने फोन उशीजवळ उपडा ठेवला, उठून ओट्यापाशी गेली आणि डब्यातून एक वाटी तांदूळ पातेल्यात काढले. जरा थांबली, आणि आणखी एक वाटी काढली.