दोन कड्यांचा फाळका

पोटाचं ऑपरेशन झालं आणि डॉक्टरांनी मला पाण्याची भरली बादली उचलायलाही बंदी केली. गवत कापायचं मशीन तर लांबच. आणि आमचा धंदाच तो: बंगल्यांची, शाळांची, दवाखान्यांची हिरवळ कापून द्यायची. मी, माझा मेव्हणा, एक छोटा ट्रक आणि त्याच्या हौद्यात ते जडच्या जड मशीन. ते चढवायची आमची रीत ठरलेली होती. तो डावीकडे, मी उजवीकडे, मी 'हं' म्हटलं की दोघांनी एकदम उचलायचं. इतक्या वर्षांत 'हं' म्हणायचा मान मी त्याला एकदाही दिला नव्हता.

मी अंथरुणाला खिळलेला असताना मेव्हण्याने जाहीर केलं, की तो हौदा नव्याने बांधणार. मागचा फाळका खाली सोडला की थेट जमिनीला टेकेल आणि मशीन ढकलत वर नेता येईल. उचलायची भानगडच नको. बायकोला भावाचं कोण कौतुक! ती म्हणाली, आता एकट्या माणसालाही काम जमेल. ती सहज बोलून गेली, पण ते माझ्या डोक्यात घोळत राहिलं. एकट्याला जमलं, तर दुसऱ्याने काय करायचं? घरात बसून भाजी निवडायची?

हे बोलून दाखवायची सोय नव्हती. मग मी अंगणात खुर्ची टाकून चुका काढायला बसलो. उतार फार उभा आहे, म्हटलं, वरच्या कडेला मशीनचं पोट घासेल. त्याने निमूटपणे फाळका लांबवला आणि मध्ये बिजागऱ्या घालून दुमडता केला. पत्रा गुळगुळीत आहे, म्हटलं, ओल्या गवताने चाकं घसरतील. त्याने जाळीचा पत्रा आणून जोडला. मी जितका कुरकुरलो तितका फाळका सुधारत गेला. आपल्याच हाताने आपल्या पायावर धोंडा पाडून घेत होतो मी.

रंग वाळला त्या सकाळी, घरात चहा चालला असताना, मी गुपचूप ट्रकपाशी गेलो. एकट्याने फाळका खरंच उघडतो का, ते मला बघायचं होतं. फाळक्याच्या दोन टोकांना दोन कड्या होत्या. डावी ओढली आणि उजवीकडे गेलो, तोवर डावी स्प्रिंगच्या जोराने परत आत बसली. उजवी ओढून डावीकडे धावलो, तर उजवी आत. दोन्ही हात पसरून बघितले, पण ते तेवढे पुरेनात. पोटावरच्या टाक्यांची जागा ओढली गेली, तरी मी मनातून खूश झालो. चूक सापडली होती.

मेव्हण्याला हाक मारून मी चांगलं सुनावलं. एवढा मोठा कारागीर, आणि मधोमध एक दांडा बसवायचं सुचू नये? दोन्ही कड्या एका हाताने सुटल्या असत्या. शेंबडं पोरही सांगेल.

तो कप हातात घेऊन शांतपणे ऐकत होता.

"दांडा केला होता," तो म्हणाला. "तो काय, भिंतीला टेकवलाय. बसवूनही बघितला."

"मग काढलास कशाला?"

"एकट्याने उघडतोय म्हटल्यावर तुम्ही दुसऱ्या दिवसापासून घरी बसला असता. ओळखतो मी तुम्हाला, भाऊजी. ताई म्हणते, एकट्याला जमेल. जमेल हो. पण मला करमत नाही. तुम्ही आजारी होता तेव्हा बघितलं ना मी एकट्याने जाऊन, मशीन चढवायला कुणाकुणाला हाका मारत."

माझे डोळे भरून आले. रंगाचा वास झोंबतोय म्हणावं, तर रंग वाळून गेला होता.

त्याने कप खाली ठेवला आणि डावी कडी धरली. मी उजवी धरली. सवयीने तो माझ्या तोंडाकडे बघत थांबला.

"आज तू म्हण," मी म्हणालो.

तो लाजला. घसा खाकरून इतक्या हळू 'हं' म्हणाला, की मला ते ऐकूच आलं नाही. त्याची कडी सुटली, माझी तशीच राहिली, आणि फाळका जागचा हलला नाही.

"राहू दे," तो म्हणाला. "तुम्हीच म्हणा."

मी म्हणालो. फाळका खाली आला.