किल्ली समोरच्या खिळ्यावर

मी कुलूप बोलतोय. पितळेचं, सहा लिव्हरचं. कळव्याच्या एका गोदामाच्या दारावर मी पंधरा वर्षं काढली. माझी किल्ली सोडून दुसऱ्या किल्लीला कधी दाद दिली नाही. त्याचा मला गर्व होता. आता सांगतोय त्यात गर्व करण्यासारखं काही नाही.

गोदाम बंद पडलं, तेव्हा तिथले राखणदार दौलतराव मला ठाकुर्लीला घरी घेऊन आले. त्यांची सून संचिता घरातच पोळी-भाजी केंद्र चालवते. तिथे मी खोक्यात पडून होतो. मग वासंती पोळ्या लाटायला आली. ज्या घरी ती काम करायची, तिथले दागिने चोरून तुरुंगात जाऊन आलेली. तिने ते पहिल्याच दिवशी स्वतः सांगितलं. त्याच संध्याकाळी मला दागिन्यांच्या कपाटाला लावलं.

किल्ली मात्र संचिताने परातीसमोरच्या खिळ्यावर टांगली. सासऱ्यांना म्हणाली, "बघू, हात लावते का."

नव्या बाईची अशी पारख करतात. मीही वाट बघत होतो.

दोन महिने वासंतीने किल्लीकडे पाहिलंसुद्धा नाही. मग एका दुपारी पायल मागच्या दारात आली. तुरुंगात दोघी एकाच बराकीत होत्या. किल्ली कणकेत दाबून ठेव, उद्या गोळा घेऊन जाते, बाकीचं मी बघते, असं सांगून गेली.

वासंतीने किल्ली काढली. कणकेत दाबली. दात न् दात उमटला. त्या गोळ्याकडे ती बराच वेळ बघत बसली. मग तो परातीत टाकून जोर लावून मळला आणि संचिताला हाक मारून सगळं सांगितलं.

"गोळा मोडलास ना? मग सांगितलंस कशाला?"

"उद्या ती परत येणार, ताई. तुम्ही विश्वासाने किल्ली समोर ठेवलीत. पण माझाच मला भरवसा नाही. किल्ली तुमच्या कमरेला लावा."

संचिताची मान खाली गेली. खरं काय ते तिच्या तोंडून निघालं नाही. तिने किल्ली पुसून कमरेला खोवली आणि वासंतीच्या शेजारी लाटायला बसली. दुसऱ्या दिवशी पायलला तिनेच दारातून परत पाठवलं.

वासंती अजून इथेच आहे. ताईंनी माझ्यावर विश्वास टाकला, असं येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगते. ते ऐकून संचिता आत निघून जाते. मला तेही जमत नाही.

तुमच्याकडे अशी बाई आली तर मला खुशाल लावा. किल्ली मात्र तुमच्याजवळ ठेवा.