आधी आरशाला तोंड दाखवा

मित्रांनो, मी एक जुना आरसा आहे, आणि सुरुवातीलाच कबूल करून टाकतो की मी फार भित्रा आहे. तुम्ही हसाल. पण काचेच्या जातीत जन्माला आलेल्याने भ्यायचे नाही तर कोणी? ज्या कारागिराने माझ्या पाठीला मुलामा चढवला आणि मला लाकडी चौकटीत बसवले, त्याने मला हातगाडीवर ठेवताना गाडीवाल्याला एकच शब्द सांगितला, "जपून." माझ्या कानावर पडलेला तो पहिला शब्द. पुढे जो कोणी मला हात लावी तो हेच म्हणे. जन्मभर इतक्या वेळा 'जपून' ऐकल्यावर वाघाचीही शेळी होईल.

माझी नेमणूक झाली एका छोट्या सलूनमध्ये, दाराच्या बरोबर समोरच्या भिंतीवर. माझ्यापुढे एक फिरती खुर्ची आणि बाजूच्या भिंतीला लागून एक लांब बाक. सलूनच्या मालकांना सगळे भाऊ म्हणत. काम करताना भाऊंचे तोंड माझ्याकडे असे आणि पाठ दाराकडे. हातात वस्तरा आणि वस्तऱ्याखाली कोणाचा तरी गळा, त्यामुळे कोण आले ते मान वळवून पाहायची सोय नव्हती. म्हणून त्यांनी एक नियम घालून दिला होता, आधी आरशाला तोंड दाखवायचे आणि मगच बाकावर बसायचे. येणारा माणूस सरळ माझ्यासमोर येई, केसांवरून कंगवा फिरवी. भाऊ माझ्यातूनच त्याच्याकडे पाहत आणि म्हणत, "आलात? बसा." हे दोन शब्द ऐकल्याशिवाय कोणी बसत नसे.

बाकावरच्या निम्म्या लोकांना केस कापायचेच नसत. एकच वर्तमानपत्र पाच जणांत वाटले जाई आणि शेवटी येणाऱ्याच्या वाट्याला जाहिरातींचे पान उरे. कोणाची बदली झाली, कोणाच्या मुलीचे जमले, कोणाचा गुडघा दुखतो, सगळ्याचा निवाडा त्या बाकावर होई. निवृत्त पोस्टमन म्हणत, "या आरशात माणूस दोन वर्षांनी तरुण दिसतो." हे ऐकले की माझ्या अंगावर मूठभर मांस चढे. पण तेवढ्यात कोणी चेंडू घेऊन दारावरून गेले की माझा जीव पुन्हा मुठीत.

रोज सकाळी ठीक दहाला येत ते टायपिंगचे सर. सलूनच्या वरच्या मजल्यावर त्यांचा टायपिंगचा क्लास होता. क्लास बंद पडला, यंत्रे भंगारात गेली, पण सरांच्या पायांना ते कोणी कळवले नसावे. जिन्याऐवजी ते खाली आमच्याकडे येऊ लागले. डोक्यावर मोजून वीस केस, पण खिशात कंगवा कायम. एकदा पोस्टमननी विचारले, "सर, वीस केसांना एवढा वेळ लागतो?" सर शांतपणे म्हणाले, "थोडे आहेत म्हणून तर एकेकाला न्याय द्यावा लागतो." त्या दिवशी भाऊंना हसू आवरेना आणि गिऱ्हाइकाच्या गालावर साबण वाळून गेला.

उघड्या दारातून मला समोरची बाजू दिसे. तिथे एक चहाचे दुकान होते, शेजारी सायकल दुरुस्तीचे आणि कोपऱ्यावर मासिकांचा ठेला. त्या प्रत्येकापुढे आमच्यासारखाच एकेक बाक होता. मग शहर वाढू लागले. एका सकाळी दार उघडले तर मासिकांचा ठेला नव्हता. काही महिन्यांनी चहाच्या दुकानाच्या जागी पत्रे उभे राहिले. मग सायकलचे दुकान गेले आणि सायकलवाला हात पुसत आमच्या बाकावर येऊन बसला. मी रोज दार उघडायच्या आधी भीतीने काळवंडून जाई, की आज समोरून काय नाहीसे झालेले दिसेल. बाकावरची मंडळी हळहळत, पण मनातून सुटकेचा श्वास टाकत. जात्यातले रडत होते आणि आम्ही सुपात होतो.

मग एक माणूस लाल रंगाचा डबा घेऊन आला आणि आमच्या बाहेरच्या भिंतीवर फुली मारून गेला. ती मला दिसली नाही, पण बाहेरून आत आलेल्या भाऊंचा चेहरा दिसला. रस्ता रुंद होणार होता. संपूर्ण इमारत पाडली जाणार होती.

त्याच वर्षी सरांची आठवण सैल पडत चालली होती. पोस्टमनच्या गुडघ्याची चौकशी ते तासाभरात तीनदा करत. सायकलवाल्याला आपला जुना विद्यार्थी समजून त्याची परीक्षा कशी गेली ते विचारत. त्यांची मुलगी दवाखान्यात कामाला होती. ती एकदा मुद्दाम सलूनमध्ये आली. डॉक्टर म्हणतात, रोजची वाट पायांना पाठ आहे तोवर त्यांना येऊ द्या, असे तिने सांगितले आणि घाबरत विचारले, चालेल ना? भाऊ म्हणाले, "ताई, इथवर पोचले की पुढे आमची जबाबदारी."

आता मित्रांनो, ऐका आमच्या शहाण्या मंडळींचे. इमारत पाडायचा दिवस ठरला, पण तो सरांना आणि ताईला सांगायचा कोणी? भाऊंना वाटले, सायकलवाला सरांच्याच गल्लीत राहतो, तो सांगेल. सायकलवाल्याला वाटले, भाऊ इतके जवळचे, त्यांनी कधीच सांगितले असेल. पोस्टमनना वाटले, दोघांपैकी एकाने तरी सांगितलेच असणार. खरे सांगू? सगळ्यांनाच भीती वाटत होती. सरांचा चेहरा उतरलेला कोणाला पाहायचा नव्हता. भाऊंनी तर तीनदा सुरुवात केली, "सर, एक सांगायचं होतं." सरांनी वर पाहिले की भाऊ म्हणत, "पंखा वाढवू का?" मी हे सगळे पाहत होतो. ओरडून सांगावे असे वाटे, पण आरशाला सगळे दिसते, जीभ तेवढी नसते.

तो दिवस उजाडला. भाऊंनी खुर्ची टेम्पोत चढवली आणि मग मला भिंतीवरून उतरवले. भाऊ, पोस्टमन, सायकलवाला असे तिघे मला धरून एका सुरात 'जपून, जपून' म्हणत होते. त्यांनी मला रस्त्यापलीकडे नेले, पत्र्यांजवळच्या विजेच्या खांबाला टेकवले आणि माझ्या बुडाखाली ब्लँकेटची घडी सारली. शेजारी बाक ठेवला. माझे तोंड आमच्याच इमारतीकडे होते. पाडकामाच्या यंत्राचा लोखंडी हात वर गेला. पहिला घाव बसताच जमीन हादरली आणि मी खांबावर कडकड वाजलो. आता फुटतो, मग फुटतो, एवढेच माझ्या मनात होते.

आणि दहा वाजले.

पत्र्यांच्या कडेच्या गल्लीतून सर बाहेर आले. रस्त्याच्या एका टोकाला दोरी बांधून एक माणूस शिट्टी वाजवत होता, पण या गल्लीच्या तोंडाशी कोणीच नव्हते. यंत्राच्या आवाजात कोणाला कोणाचे ऐकू येत नव्हते. सरांचे पाय पाठ केलेल्या वाटेने निघाले होते. पंधरा पावले, रस्ता ओलांडायचा, आणि दार. दाराच्या वरची भिंत पुढे कलली होती. मला ती दिसत होती. त्या क्षणी मी स्वतःच्या फुटण्याची भीती विसरलो, कारण त्याहून मोठी भीती माझ्यात मावेनाशी झाली होती.

सर माझ्यासमोरून दोन पावले पुढे गेले. मग थांबले. मागे आले. मी रस्त्यावर कसा, हे त्यांच्या मनातही आले नाही. त्यांनी खिशातून कंगवा काढला आणि एकेका केसाला न्याय द्यायला सुरुवात केली.

त्यांच्या खांद्यावरून मला मागची भिंत दिसली. ती वाकली, तिच्यातून विटा सुटल्या आणि ती अर्ध्या रस्त्यापर्यंत कोसळली. वाऱ्याबरोबर धूळ आली. एक खडा उडून माझ्या खालच्या कोपऱ्यावर बसला आणि तिथे तडा गेला. सर दचकले नाहीत असे नाही, पण ते हलले नाहीत. कंगवा हातात धरून ते माझ्यात पाहत होते. त्यांना भाऊ दिसत नव्हते आणि भाऊंनी 'बसा' म्हटल्याशिवाय बसायचे नसते.

टेम्पोजवळून भाऊ धावत आले. धुळीने पांढरे झालेले. त्यांनी सरांना ओढले नाही. ते त्यांच्या मागे येऊन उभे राहिले, माझ्यात पाहिले आणि कसाबसा श्वास जुळवून म्हणाले, "आलात? बसा."

सर बाकावर बसले आणि त्यांनी पोस्टमनच्या गुडघ्याची चौकशी केली. भाऊ मात्र रस्त्याच्या कडेलाच मटकन बसले आणि रडले.

दुपारी ताई आली. तिने आरडाओरडा केला नाही. एवढेच म्हणाली, "एका शब्दानं मला सांगायचं होतं, भाऊ." भाऊ म्हणाले, "जीभ रेटली नाही." मग तिने माझ्याकडे पाहिले. भाऊंचे नवे दुकान दुसऱ्या मजल्यावर होते, तिथे चारी भिंतींना नवे आरसे होते. त्यांनी स्वतःच मला तिच्या घरी पोचवले.

आता मी सरांच्या घरी दाराजवळ असतो. माझ्या कोपऱ्यातला तडा तसाच आहे. ज्याला जन्मभर भ्यालो ते घडून गेले आणि मी अजून उभा आहे. रोज दहाला सर माझ्यासमोर येतात, कंगवा फिरवतात आणि वाट पाहतात. ताई मागून म्हणते, "आलात? बसा, बाबा." मग ते खुर्चीत बसतात. पण ज्या दिवशी ती लवकर कामावर जाते, त्या दिवशी शेजारच्या काकू डोकावेपर्यंत सर उभेच राहतात. पाव तास, कधी अर्धा तास. माझ्यात ते मागचा चेहरा शोधतात आणि मी त्यांना रिकामी खोली दाखवत राहतो. मित्रांनो, आता मला फक्त याचीच भीती वाटते.

मला हलवताना तीन माणसे 'जपून' म्हणत होती. सरांना दोन शब्द सांगायला मात्र तिघांपैकी एकही गेला नाही. तुमच्या ओळखीची एखादी बसायची जागा उठणार असेल, तर तिथे रोज येणाऱ्याच्या घरी स्वतः जा. दुसरा सांगेल म्हणून थांबू नका.

दहा वाजत आले आहेत. ताई आज सकाळीच गेली आहे. आतून सरांच्या चपला वाजताहेत. तुमच्यापैकी कोणी दारावरून जात असेल, तर जरा आत या.