पाय न लागलेला दगड

राजुरीत घरोघरी म्हैस आहे, पण पनीर माझ्या वर्गातल्या मुलांनी पाहिलेलं ते लग्नाच्या पंगतीत. ते कारखान्यातच तयार होतं असं ऋतिकने ठासून सांगितलं, म्हणून त्या रविवारी मी माझ्या घरी मुलांसमोर दूध तापत ठेवलं.

उकळी आल्यावर लिंबू पिळलं. दूध फाटलं, हिरवट पाणी वेगळं झालं. सोनलने तोंडावर हात ठेवला. तिच्या घरी दूध नासलं की आई दिवसभर बोलत राहते. मी म्हटलं, हे आपण मुद्दाम नासवलंय, आता पुढे बघा. फाटलेलं दूध सुती फडक्यात गाळलं, गार पाण्याने धुतलं आणि गाठोडं बांधून परातीत ठेवलं. आता त्यावर वजन हवं होतं.

दगड आणायला हिरा गेली. ही शेजारच्या यमाजींची नात, सांगितलेलं अगदी तसंच करणारी. पहिला दगड तिने पायरीचा आणला, दुसरा मेंढ्या कोंडायच्या वाडग्यातला, लेंड्या चिकटलेला.

"खायची वस्तू आहे, बाळा," मी म्हटलं. "कुणाचा पाय न लागलेला आण."

बऱ्याच वेळाने ती एक काळा गुळगुळीत दगड धुऊन, ओढणीत धरून घेऊन आली. मी तो गाठोड्यावर ठेवला आणि उरलेल्या पाण्यात कणीक कशी मळायची ते मुलांना दाखवायला बसले.

पुन्हा परातीकडे पाहिलं, तर दगडाखालचं फडकं पिवळं झालं होतं. बोट लावलं. भंडारा.

यमाजींचा बिरोबा म्हणजे त्यांच्या वाडग्याच्या कोपऱ्यात, ओट्यावर बसवलेला असाच एक काळा दगड.

"हिरा, हा कुठनं आणलास?"

"तुमीच म्हणला ना, बाई. बाकी समद्या दगडांना कुणाचा ना कुणाचा पाय लागतोय."

तेवढ्यात दारात तिची आजी, म्हाळसाबाई, येऊन उभी राहिली. त्यांची एक मेंढी सकाळपासून विताना अडली होती. तिच्या कपाळाला लावायला भंडारा घ्यावा म्हणून म्हाळसाबाई ओट्यापाशी गेली, तर जागा मोकळी. वस्तीवर सगळीकडे हुडकून ती माझ्याकडे आली होती.

"बाई, आमचा देव गेला," ती हळू आवाजात म्हणाली. मग तिची नजर परातीवर पडली.

चूक माझी आहे, मीच तसा दगड मागितला, असं मी सांगत राहिले. तिच्या कानात काही शिरत नव्हतं. मेंढी दगावली तर या पोरीला ते जन्मभर ऐकावं लागणार, एवढंच माझ्या मनात येत होतं.

म्हाळसाबाईने नातीला विचारलं, "उचलताना काय म्हणलीस?"

"म्हणले, देवा, जरा चला, दूध दाबायचंय."

"मग?"

"मग आला. लई हलका लागला."

म्हाळसाबाईने डोक्यावरचा पदर सारखा केला. मग म्हणाली, "ज्यानं आणला त्यानंच न्यायचा."

हिराने देव उचलला, तसं मी खालचं गाठोडं उचललं. आम्ही सगळे मागोमाग निघालो. पनीरचं गाठोडं माझ्याच हातात राहिलं होतं, ते वाडग्यात पोचल्यावर लक्षात आलं.

यमाजी जमिनीवर बसून एका ओल्या कोकराला गोणपाटाने पुसत होते. मेंढी त्याला चाटत होती.

"कवा सुटली?" म्हाळसाबाईने विचारलं.

"मघाशीच. तू देव हुडकत व्हतीस तवा."

म्हाळसाबाई खाली बसली. तिने कोकराकडे पाहिलं, मोकळ्या ओट्याकडे पाहिलं, मग माझ्या हातातल्या पिवळ्या गाठोड्याकडे.

हिरा देव पोटाशी धरून ओट्यापाशी उभी होती.

"आज्जे, ठेवू का?" ती म्हणाली. "आता लई जड झालाय."