आल्मास्खान आजोबांना चूक सोसत नाही

आमच्या गावच्या चर्चमध्ये साठ वर्षं सरकारी मका राहायचा. या वसंतात मका बाहेर पडला आणि देवाला जागा झाली. रविवारी पहिली प्रार्थना होती. स्तोत्र तीन सुरांचं. खालचा सूर बेकरीवाल्या वालिकोकडे होता, मधला मुर्ताझकडे, आणि वरचा माझ्याकडे असायला हवा होता, पण नव्हता. तो अख्ख्या जॉर्जियात एकट्या आल्मास्खान आजोबांना येत होता, आणि आजोबा अठ्ठ्याऐंशीचे होते.

त्यांनी शिकवावं म्हणून आम्ही घडाभर वाइन नेली. आजोबा प्यायले.

"विसरलो, पोरांनो."

दुसऱ्या दिवशी चीज भरलेली गरमागरम खाचापुरी नेली. तीही संपली.

"अजून आठवत नाही. उद्या कोंबडी आणून बघा."

"त्यांच्याबरोबर गाणारे दोघं गेले ना," परतताना वालिको म्हणाला. "तिघांचं गाणं एकट्याने कसं गातील?"

पण आमच्या गुरिया प्रांतातला माणूस दुःख सोसतो, सरकार सोसतो. दुसऱ्याचा बेसूर सोसत नाही. शुक्रवारी आम्ही त्यांच्या कुंपणाशी उभे राहिलो आणि मी वरचा सूर अंदाजाने लावला. मुद्दाम चुकायचं ठरलं होतं. गरज पडली नाही.

पहिल्या ओळीला खिडकी बंद झाली. दुसरीला कुत्रा घर सोडून गेला. तिसरीला खिडकी उघडली आणि चप्पल आली.

"गाढवा! तिथे उतरतोस कुठे? वर चढ!"

"कसं, आजोबा?"

"असं!"

आणि ते चढले. इतके वर, की कुंपणावरचा कोंबडा आरवायचं सोडून ऐकत बसला. मुर्ताझ आणि वालिको खालून भिडले. तीन सूर एकत्र आले, आणि आजोबांनी डोळे मिटून घेतले.

मग दोन दिवस त्यांनी मला शिकवलं. दुसरी चप्पल हातातच होती.

रविवारी चर्च गच्च भरलं. आजोबा माझ्या शेजारी, ती चप्पल हातात धरूनच, उभे राहून गात होते. दुसऱ्या कडव्याला ते अचानक गप्प झाले. मी सूर सोडला नाही. तो वर गेला, छपराला लागला, आणि तुळईवरून मक्याचे चार दाणे टपटप वालिकोच्या टकलावर पडले. वालिको हलला नाही.

शेवटचा सूर विरला तेव्हा मी आजोबांकडे वळलो.

"आजोबा, मधेच थांबलात का?"

"तुझी चूक पकडायला."

"मग?"

त्यांनी चप्पल खाली टाकली आणि पायात घातली.

"सापडली नाही," ते म्हणाले. इतका समाधानी चेहरा मी त्यांचा वाइन पितानाही पाहिला नव्हता.