अर्धा तास

“आई, एवढ्यात सोडू नकोस. पाचच मिनिटं झालीत,” चिंगी पडल्या पडल्या म्हणाली.

“पुरे आजच्याला. चेहरा बघ कसा उतरलाय,” म्हणत टेलरबाईंनी पंपाची झडप उघडली. फुस्स करून हवा आत शिरली आणि मुलीच्या छातीवरची रबरी वाटी सैल पडली. वाटीखाली लाल वळ उठला होता. बाईंनी रोजच्यासारखा त्यावरून हलकेच हात फिरवला.

चिंगी बारा वर्षांची. छातीच्या मधोमध लिंबू मावेल एवढा खळगा. शाळेत धावताना धाप लागली, म्हणून डॉक्टरांना दाखवलं. हृदय ठणठणीत निघालं. “हाड अजून कोवळं आहे, ऑपरेशन नको,” डॉक्टरबाई म्हणाल्या होत्या. “ही वाटी लावून पंपानं हवा काढली की हाड हळूहळू वर ओढलं जातं. रोज दोनदा, अर्धा अर्धा तास. वर्ष-दीड वर्ष नेटानं करावं लागेल. वळ उठेल, तो जाईल. चक्कर आली, फार दुखलं, तरच सोडायचं.”

टेलरबाईंच्या डोक्यात शेवटचं वाक्यच घर करून बसलं. दिवसभर शिलाई मशीनवर त्यांचा हात कधी चुकत नसे. पंप दाबताना मात्र तो मध्येच थांबायचा. हाड मोडलं तर? आतलं काही ओढलं गेलं तर?

तीन महिन्यांनी डॉक्टरबाईंनी पट्टी लावून खळग्याची खोली मोजली. फरक शून्य.

“रोज अर्धा तास होतो ना?”

बाईंनी ‘हो’ म्हणून मान हलवली.

“पाच मिनिटं,” चिंगी खाली बघत म्हणाली. “आई घाबरते.”

बाईंना मेल्याहून मेल्यासारखं झालं. डॉक्टरबाई रागावल्या नाहीत. “कशाची भीती वाटते?” एवढंच त्यांनी विचारलं.

बाईंनी आपल्या बंद गळ्याच्या ब्लाउजची वरची दोन बटणं काढली. चिंगी बघतच राहिली. तसाच खळगा, अधिक खोल.

“माझ्यामुळेच आलं हे हिला. आता माझ्याच हातानं काही बिघडलं तर?”

“कधी कधी येतं घराण्यात. त्यात तुमचा काय दोष?”

बाईंनी बटणं लावली. मग दाराशी जाऊन थबकल्या. “माझं काही होईल का हो यानं?”

“तुमचं हाड पक्कं झालंय. आता फारसं वळायचं नाही.”

“नाही, सहज विचारलं.”

त्या संध्याकाळी बाईंनी पंप दाबला आणि त्या दोन्ही हात मांडीखाली घेऊन बसल्या. दहा मिनिटं झाली. पंधरा झाली.

“आई, तुलाही धाप लागायची?”

“लागायची.”

“मग कुणाला सांगायचीस?”

बाई घड्याळाकडे बघत राहिल्या.

“अजून बारा मिनिटं,” त्या म्हणाल्या.