कानतुटक्या कपाचे ग्रॅम

सासूबाईंचा कप कानतुटका होता आणि जगातल्या दुसऱ्या कुठल्याही कपाशी त्याचं जमत नव्हतं. मोबाईलमधला तक्ता सांगत होता, एक कप मैदा म्हणजे एकशे वीस ग्रॅम. त्या हिशेबाने सुनेने केलेला केक मधोमध असा बसला, की गिऱ्हाइकापुढे ठेवायची सोय राहिली नाही.

म्हणून बेकरीचं दार ओढून घेऊन दोघी भरदुपारी वजनकाट्यापुढे बसल्या होत्या. आठवडाभर हेच चाललं होतं. सासूबाईंनी कप भरायचा, सुनेने तो काट्यावर ओतायचा. तिचे पाय भरून आले होते, डोळ्यांवर झापड येत होती, पण सुटका नव्हती. आजारपणानंतर सासूबाईंचे हात कापायला लागले होते. दुकान ज्याच्यावर चालायचं तो लोण्याचा केक त्यांच्या मापाशिवाय कुणाला जमत नव्हता, आणि हल्ली त्यांचाही कधी फुगायचा, कधी बसायचा. खापर मैद्यावर फुटायचं. ग्रॅमचा आकडा हाती आला नाही, तर त्या हातांबरोबर दुकानही बसणार होतं. हे त्यांना तोंडावर सांगायची सुनेची छाती नव्हती.

"एकशे अठ्ठावीस," ती म्हणाली. "मघाशी एकशे सदतीस होते. आई, एकसारखं भरा ना."

"एकसारखंच भरतेय. तुझा काटाच आगाऊ आहे."

सुनेने काटा पुन्हा शून्यावर आणला. भांडायलाही अंगात त्राण लागतं. सासूबाई पुढचा कप भरत असताना ती काट्याकडे न बघता त्यांच्या हाताकडे बघत राहिली. त्यांची रीत ठरलेली होती. कप भरायचा, ओट्यावर आपटायचा, अंगठ्याने मैदा दाबायचा आणि वर पुन्हा भरायचा. पण आता अंगठा मैद्यावर नुसता टेकत होता, दाबत नव्हता.

म्हणजे आठवडाभर आपण मापाचं नाही, आजारपणाचं वजन करत बसलो होतो!

तिने आपला अंगठा त्यांच्या अंगठ्यावर ठेवला. "मी दाबते. पुरे झालं की सांगा."

"अजून. अगं, घाबरतेस काय, मैदाच आहे तो. अजून... बस. आता वर भर."

एकशे बावन्न. पुन्हा भरला, पुन्हा एकशे बावन्न.

त्या वजनाचा केक भट्टीतून चांगला गुबगुबीत होऊन आला. सासूबाईंनी कोपरा मोडून तोंडात टाकला आणि मान डोलावली. आता बोलणं भाग होतं.

"आई, आता वजन करून हा कुणालाही जमेल," सून खाली बघत म्हणाली. "म्हणजे तुम्ही ओट्याशी नसलात तरी..." त्या रुसतील, अबोला धरतील, म्हणून तिने मन घट्ट केलं होतं.

सासूबाईंनी हात पुसले आणि हळूच विचारलं, "मग उद्या पहाटे मी झोपून राहिले तर चालेल?"

सुनेने त्यांच्या हातातलं फडकं आपल्याकडे घेतलं. ही बाई किती दमली आहे, हे इतक्या वर्षांत तिने एकदाही विचारलं नव्हतं.